नमुन्याचा हात

सुकेशनी चौथीत असताना इतिहासाच्या तासाला सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि वर्गातल्या बेचाळीस पोरांनी एकदम माना वळवून तिच्याकडं पाहिलं. बाई शिकवायच्या थांबल्या नाहीत. पन्हाळ्याचा वेढा काही महिन्यांत संपला, असं पुस्तकात आहे. सुकेशनीभोवतीचा मात्र ती नववीत गेली तरी उठला नव्हता. ती डबा घेऊन पटांगणात आली की कुणीतरी हटकून ओरडायचं, "जौहर आला, गड सोडा!" आणि पोरं खिदळत पळायची.

सुकेशनी मंजुनाथ सिद्दी. पहिलं नाव आईकडच्या आजीनं ठेवलेलं, देवगाव रंगारीच्या दगडाबाईनं, बारशाला, म्हणजे डोक्यावर धड केस यायच्या आधी. पुढं केस आले ते असे घट्ट कुरळे की कंगव्याचे दात मोडायचे. आजीचं घर मेंढरांचं. नातीच्या रंगावरून भावकी कुजबुजली तेव्हा आजी म्हणाली होती, "काळ्या लोकरीची घोंगडी देवाला चालती. तुम्हाला पोर चालत नाय व्हय?" सुकेशनीच्या बाजूनं एवढं खणखणीत बोललेलं तिच्या आठवणीत दुसरं कुणी नाही.

आडनाव आप्पांचं. तिचे आप्पा यल्लापूरकडच्या जंगलातले. तिकडं सिद्द्यांच्या, म्हणजे फार पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या, वस्त्या आहेत, कैक पिढ्यांपासून. पण हे सांगून उपयोग नसतो. रिक्षावाले, दुकानदार, बँकेतली बाई, सगळे त्यांना एकच विचारतात, "विच कंट्री?" आप्पा म्हणतात, "कर्नाटक, साहेब." समोरचा हसतो आणि म्हणतो, "मराठी चांगलं शिकलात हो." बावीस वर्षं या शहरात राहिलेल्या, इथल्याच बाईशी लग्न केलेल्या माणसाला दर आठवड्याला कुणीतरी मराठीचं सर्टिफिकेट देतं.

चौदा वर्षांचे असताना त्यांना सरकारी माणसांनी जंगलातून निवडून इथं पळायला आणलं होतं. यांच्या अंगात जन्मजात पळणं असतं, असं साहेब लोक म्हणायचे. पुढं योजना बंद पडली. बाकीची पोरं घरी गेली, आप्पा राहिले आणि सुकेशनीच्या शाळेत वॉचमन झाले. धिप्पाड माणूस, त्यात हा रंग. संस्थेला वाटलं, गेटवर आणखी काय पाहिजे! त्या बदल्यात सुकेशनीची फी माफ झाली. आई अंबिका गुलमंडीतल्या एका साडीच्या दुकानासाठी घरी फॉल-पिको करायची. तिघांचं चाललं होतं.

आप्पांच्या नोकरीत एक काम कुठंच लिहिलेलं नव्हतं. बालवाडीतलं पोर सकाळी भोकाड पसरून आईला सोडेना, की आया त्याला उचलून गेटवर आणायची आणि म्हणायची, "रडतो काय? हे बघ, सिद्दीकाका नेतील हां पोत्यात घालून! काका, वटारा की डोळे." आणि आप्पा डोळे वटारायचे. पोर जागच्या जागी गप्प व्हायचं. आया हसायची, पोराची आई हसायची, आप्पाही हसायचे. ज्या माणसानं घरात कधी पालीला मारलं नाही, तो रोज सकाळी पावणेआठला बागुलबुवा व्हायचा. सुकेशनी तेवढा वेळ मान खाली घालून झपाझप वर्गात जायची. तिला आप्पांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची.

नववीच्या दिवाळीनंतर शाळेत आंतरशालेय एकांकिका स्पर्धा ठरली. मराठीच्या सोनिया मॅडमना नाटकं लिहायची हौस होती. या वेळी त्यांनी विषय घेतला मलिक अंबर. हबशी मुलखातला मुलगा, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झालेला. त्यानं खडकी वसवली, तेच हे शहर, आणि त्याला पाणी पाजायला नहर बांधली. मॅडम वर्गात गोष्ट सांगत होत्या आणि बेचाळीस माना पुन्हा सुकेशनीकडं वळल्या. पण या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. इतिहासातला एकतरी माणूस आपल्या बाजूचा निघाला, आणि निघाला तो या शहराचाच धनी! तिला इतकं भरून आलं की तिनं पाणी प्यायच्या निमित्तानं बाटलीत तोंड लपवलं.

तिला तो वजीर करायचा होता. आयुष्यात दुसरं काही इतकं नेटानं तिनं मागितलं नव्हतं. तिला एकच दिसत होतं. हॉलमध्ये आप्पा खुर्चीवर बसलेत, गेटवर उभे नाहीत, आणि स्टेजवर त्यांच्या रंगाचा माणूस शहराचा मालक म्हणून बोलतोय.

नाटकाच्या शेवटी, नहरीला पाणी येतं तेव्हा, वजिराचं मोठं भाषण होतं. सुकेशनीनं ते चार दिवसांत पाठ केलं. आईच्या मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणायला शिकली. "ज्या हातांना बेड्या घातल्या, त्याच हातांनी या खडकातून पाणी आणलं. हे पाणी मशिदीलाही जाईल, देवळालाही जाईल. ज्यांनी मला विकलं, त्यांच्या पोरांनीही प्यावं. फक्त पिताना ध्यानात ठेवावं, पाणी कुणी आणलं."

आई मशीन थांबवून म्हणाली, "अगं बाई, काटा आला."

आप्पा दारात बसून बूट पुसत होते. म्हणाले, "शेवटचं परत म्हण." तिनं म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग बराच वेळ एकच बूट पुसत राहिले.

"आप्पा, तुम्ही नाटकाला आत बसायचं. खुर्चीवर."

"बसू की. साहेबांना विचारतो."

निवडीच्या दिवशी अकरा जणांनी भाषण म्हटलं. सुकेशनीचं संपलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिच्या बाकावरची संस्कृती, जी एरवी तिच्या केसांत पेन्सिल खोचून सोडून द्यायची आणि ती पडत नाही म्हणून हसायची, तिनंसुद्धा टाळी वाजवली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लावली. मलिक अंबर: ऋतुराज.

ऋतुराज बागायतदार घरचा, वडील संस्थेवर. पोरगा वाईट नव्हता. गोरापान होता आणि चार वाक्यं सलग लक्षात ठेवायची त्याला सवय नव्हती, एवढंच.

सुकेशनी स्टाफरूमच्या दारात गेली. "मॅडम, मुलगी आहे म्हणून नाही का? पण सरदारांत तर निम्म्या मुलीच आहेत."

"नाही गं राणी, मुलगी म्हणून नाही." मॅडमच्या आवाजात खरंच माया होती, आणि तेच वाईट होतं. "तू छानच म्हटलंस. पण विचार कर. तू उभी राहिलीस तर लोकांना काय दिसणार? तू जशी आहेस तशीच. त्यात अभिनय काय? ऋतुराज करेल तेव्हा लोक म्हणतील, बघा, किती वेगळा दिसला! मार्क त्याला असतात." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुलाही घेतलंय. पहिला प्रवेश, गुलामांचा बाजार. लहानपणीचा अंबर तूच. हात बांधलेले, नुसतं उभं राहायचं. वाक्य नाही, पाठांतर नाही. आणि तुला रंगवायचीही कटकट नाही."

म्हणजे विकला जाणारा अंबर सुकेशनी, आणि विकला गेल्यावर मोठा होणारा अंबर ऋतुराज. मॅडमना यात काहीएक खटकलं नाही. उलट आपण सगळ्यांना सामावून घेतलं, असं त्या स्टाफरूममध्ये सांगत होत्या.

घरी तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मी पण अंबर आहे. लहानपणीचा." आप्पा खूश झाले.

तालमी सुरू झाल्या. ऋतुराज हमखास शेवटच्या दोन वाक्यांवर अडकायचा. सुकेशनीला भाषण येतं हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून विंगेत उभं राहून त्याला आठवण करून द्यायचं कामही तिच्याकडं आलं. 'ज्यांनी मला विकलं,' ती कुजबुजायची, आणि ऋतुराज मोठ्यानं म्हणायचा, "हां, ज्यांनी मला विकलं!"

रंगीत तालमीला शहागंजमधून पुंजाराम आले. म्हातारा रंगभूषाकार, हातात पत्र्याची पेटी, चाळीस वर्षं शाळांच्या नाटकांना रंगवण्याचा धंदा. त्यांनी पेटीतलं काजळ खोबरेल तेलात कालवून ऋतुराजच्या तोंडाला फासलं. पोरं फिस्सकन हसली.

"अहो, हा राक्षस झाला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हा रंग आम्ही राक्षसालाच लावतो," पुंजाराम म्हणाले. "वजिराला असा कधी लावला नाय. कसा पाहिजे ते दावा, मी जुळवतो."

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "अरे, आपल्याकडं सॅम्पल आहे की! सुकेशनी, ये गं इकडं. बाही वर कर."

ती आली. तिनं बाही वर केली. असं का केलं, 'नको' का म्हणाली नाही, हे तिनं नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. पण पंधरा वर्षांच्या पोरीला मॅडम बोलावतात तेव्हा ती जाते, एवढंच त्याचं उत्तर आहे. पुंजारामनी तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, बशीत काजळ आणि गेरू कालवला, आणि बोटानं तिच्या मनगटावर एक ठिपका दिला. काळा पडला. थोडा गेरू घातला, दुसरा ठिपका. तांबडा मारला. सगळी मंडळी भोवती वाकून बघत होती. "अजून थोडं काजळ." "नको, आता गेरू." मनगटापासून कोपरापर्यंत सात ठिपके झाले. आठवा दिला आणि तो दिसेना. कातडीत मिसळून गेला.

"जमलं!" मॅडम ओरडल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुंजारामनी मात्र टाळी वाजवली नाही. चिंधी तिच्या हातात देऊन खालच्या आवाजात म्हणाले, "धुऊन घे, पोरी." ती नळावर गेली. सात ठिपके निघाले. आठवा कुठं होता तेच सापडेना. म्हणून तिनं साबण लावून सगळा हात घासला, कोपराच्या वरपर्यंत, चुरचुरेपर्यंत. तरी निघाला की नाही, कळलं नाही. त्याच क्षणी तिनं ठरवलं, आपलं भाषण आपण म्हणायचं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खचाखच भरला. आप्पा आत होते, पण खुर्चीवर नव्हते. मुख्याध्यापकांनी त्यांना दरवाज्याशी उभं केलं होतं, बाहेरची पोरं घुसू नयेत म्हणून. आई पाठीमागच्या रांगेत बसली होती.

पडदा उघडला. गुलामांचा बाजार. सुकेशनीच्या अंगावर फाटकं पोतं, हात पुढं बांधलेले, दोरीचं टोक सत्यमच्या हातात. सत्यम व्यापारी झाला होता. तो बोली लावत होता, "दात बघा, दंड बघा! हबशी माल, पक्का माल!" लोक हसले. ते वाक्य हसण्यासाठीच लिहिलं होतं. सुकेशनीनं दरवाज्याकडं पाहिलं. आप्पा हसत नव्हते.

ती एक पाऊल पुढं आली, दुसरं आली, आणि माईकसमोर उभी राहिली. सत्यमच्या हातून दोरी सुटली.

"ज्या हातांना बेड्या घातल्या," ती म्हणाली, आणि बांधलेले हात वर केले, "त्याच हातांनी या खडकातून पाणी आणलं."

परीक्षकांतल्या एकानं लिहिणं थांबवून वर पाहिलं. विंगेतून मॅडम दातओठ खात म्हणत होत्या, "सुकेशनी! मागं हो!"

"हे पाणी मशिदीलाही जाईल, देवळालाही जाईल."

पुढच्या रांगेत मुख्याध्यापक वळले आणि दरवाज्यातल्या वॉचमनला त्यांनी बोटानं खूण केली. घ्या तिला खाली.

आप्पा निघाले. मधल्या वाटेनं, हळूहळू. ज्या पायांनी एकेकाळी चारशे मीटर पळून लोकांना उठून उभं केलं होतं, ते पाय त्या दिवशी उचलत नव्हते. पायऱ्या चढून ते उजेडात आले. काळाभोर, धिप्पाड, खाकी कपड्यांतला माणूस. आणि हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला.

"बाप रे, काय मेकअप आहे!" दुसऱ्या शाळेतलं कुणीतरी ओरडलं.

"डिट्टो हबशी!"

आप्पा थबकले. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी एकदा लोकांकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

"आप्पा," सुकेशनी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "दोनच वाक्यं राहिलीत."

"चल पोरी. साहेब म्हणतेत."

"दोनच, आप्पा."

"नोकरी जाईल गं. चल."

त्यांनी तिचा हात धरायला हात पुढं केला. पण हात बांधलेले होते. मग त्यांनी लोंबणारी दोरी धरली, आणि पोरीला दोरीनं ओढत विंगेत नेलं. लोकांना वाटलं, गिऱ्हाइकानं गुलाम विकत घेतला. प्रवेश झकास संपला. टाळ्या थांबेनात.

बाहेर गेटपाशी आप्पांनी दातांनी गाठ सोडवली. दोघं वॉचमनच्या केबिनच्या पायरीवर बसली. हॉलच्या स्पीकरवरून नाटक ऐकू येत होतं. नहरीला पाणी आलं. ऋतुराज जोरात बोलला, मशिदीपर्यंत आला, देवळापर्यंत आला आणि अडकला. विंगेत आठवण करून द्यायला कुणी नव्हतं. थोडा वेळ खरखर ऐकू आली, मग तो म्हणाला, "तर मंडळी, प्या पाणी!" आणि पडदा पडला. ती दोन वाक्यं त्या दिवशी कुणीच म्हटली नाहीत.

आप्पा म्हणाले, "राहिलेलं म्हण की. मी ऐकतो."

"नाय."

"माझ्यासाठी."

"नाय म्हटलं ना!"

तासाभरानं बक्षिसं जाहीर झाली. एकांकिका पहिली आली. रंगभूषेचं खास बक्षीसही शाळेला मिळालं. परीक्षक माईकवरून सांगत होते, बाजारातला तो धिप्पाड हबशी आणि ते लहान पोर इतकं हुबेहूब रंगवलं होतं की रंग लावलाय हे ओळखूच येत नव्हतं. पुंजाराम ढाल घ्यायला स्टेजवर गेलेच नाहीत. पेटी उचलून ते गेटमधून बाहेर पडले, आप्पांसमोर क्षणभर उभे राहिले आणि निघून गेले.

ऋतुराज गेटजवळच्या नळावर तोंड धूत होता. खाली काळं पाणी वाहत होतं. "सुकेशनी, मानेवरचं निघालं का गं? राहिलं तर आई घरात घेणार नाही," असं म्हणून तो मोकळेपणानं हसला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. तिनं त्याची मान पाहिली. स्वच्छ होती.

"निघालं," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी आप्पांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. बक्षीस मिळालं म्हणून त्यांनी माफ केलं. नोकरी राहिली, फी माफ राहिली. मॅडमनीही सुकेशनीला रागावायचं सोडून दिलं. उलट वर्गात म्हणाल्या, ती गडबड आपल्या पथ्यावरच पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला आया एक नवीन पोर काखेत घेऊन गेटवर आली. पोर हुंदके देऊन रडत होतं. "हे बघ, सिद्दीकाका! नेतील हां पोत्यात घालून! काका, वटारा की डोळे."

आप्पांनी पोराकडं पाहिलं, मग गेटमधून आत येणाऱ्या सुकेशनीकडं पाहिलं, आणि ते नुसते उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आया वाट बघत होती. त्यांना डोळे वटारायचे नव्हते. पोरीनं फक्त एकदा नको म्हणायचं बाकी होतं, ती नको म्हणाली असती तर त्यांनी ते सोडून दिलं असतं, कायमचं. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं, आणि तिला ते दिसलं.

पण तिच्या हातांना अजून ती दोरी होती, कानांत टाळ्या होत्या, आणि तिला आप्पांशिवाय दुसऱ्या कुणाला दुखवता येत नव्हतं.

"वटारा की, आप्पा," सुकेशनी म्हणाली. "आता तर बक्षीस मिळालंय या रंगाला."

आया खो खो हसली. आप्पा पोराकडं वळले. त्यांनी डोळे वटारले आणि पोर गप्प झालं.